दीर्घ पल्ल्याची धाव आणि समुद्रावरील वारा

कोणतेही नवे साधन समाजात रूढ व्हावयाचे असेल, तर दोन गोष्टींची आवश्यकता असते. पहिली ही की, ते साधन शास्त्राच्या कसोटीस उतरले पाहिजे. दुसरी ही की, ज्यांच्या शेतात, डोंगरावर किंवा समुद्रात ते उभे राहणार, त्या लोकांनी ते आपले मानले पाहिजे. पहिले काम शास्त्रज्ञ व इंजिनिअर करतात. दुसरे काम मात्र कोणत्याही कारखान्यात होत नाही. ते सभांत, चावडीवर, बंदरावर आणि पुष्कळदा शाळेच्या ओसरीवर होते.

समुद्रात पवनचक्क्या उभारून वीज निर्माण करण्याचा उद्योग गेल्या तीन-साडेतीन दशकांत जगात वाढला आहे. याच काळात, एखाद्या सार्वजनिक कार्यास लोकांचा पाठिंबा व निधी मिळावा म्हणून दीर्घ पल्ल्याची धाव काढण्याची पद्धतीही अनेक देशांत रूढ झाली आहे. रुग्णसेवा, वृक्षसंरक्षण, सौरदिवे अशा कार्यांसाठी माणसे धावली किंवा चालली. सागरी पवनशक्तीसाठीही अशी धाव काढता येईल. मग प्रश्न असा येतो की, धावण्याने नेमके काय साधते आणि काय साधत नाही? हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडण्याजोगा आहे. कारण त्यात विज्ञान, गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे चारही विषय एकत्र येतात.

समुद्रावरचा वारा

दिवसा जमीन लवकर तापते, तीवरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरील हवा तिची जागा घेण्यास धावते. हे खारे वारे होत. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हे मतलई वारे होत. एवढा भाग आपल्या भूगोलाच्या पाठात असतोच. त्यास आणखी एक गोष्ट जोडावी. जमिनीवर झाडे, घरे, टेकड्या यांना घासून वाऱ्याचा वेग कमी होतो व त्यात भोवरे उत्पन्न होतात. समुद्राचा पृष्ठभाग त्या मानाने सपाट असल्यामुळे तेथे वारा अधिक वेगाने आणि अधिक एकसारखा वाहतो.

हा वेगाचा फरक किरकोळ वाटला तरी त्याचा परिणाम फार मोठा आहे. वाऱ्यातील शक्ती ही त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदास ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात जेवढी शक्ती असेल, तिच्या आठपट शक्ती सेकंदास १० मीटर वेगाच्या वाऱ्यात असते; कारण २ × २ × २ = ८. तसेच पात्याची लांबी दुप्पट केली, तर पाती ज्या वर्तुळातून फिरतात त्याचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणूनच पवनचक्क्या दिवसेंदिवस अधिक उंच व अधिक लांब पात्यांच्या होत गेल्या. मात्र वाऱ्यातील सर्व शक्ती काढून घेता येत नाही. तशी ती काढून घेतली, तर वारा पात्यांमागे थबकून राहील आणि नव्या वाऱ्यास वाट मिळणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी ही मर्यादा सुमारे ५९ टक्के असल्याचे गणिताने दाखविले.

जगातील पहिले सागरी पवनक्षेत्र डेन्मार्क देशात लोलँड बेटाजवळ, विंडेबी येथे १९९१ साली सुरू झाले. उथळ पाण्यात ११ यंत्रे उभी होती आणि प्रत्येकाची क्षमता ४५० किलोवॅट होती. सर्व मिळून ती सुमारे ५ मेगॅवॅट भरत. पंचवीस वर्षे काम देऊन ते क्षेत्र २०१७ साली काढून टाकण्यात आले. त्यानंतरच्या काळात एकट्या यंत्राची क्षमता १५ मेगॅवॅटपर्यंत गेली. म्हणजे एकच यंत्र संपूर्ण विंडेबीच्या तिप्पट झाले. अशा यंत्राच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे २३६ मीटर असतो.

उथळ समुद्रात पोलादी नळकांड्यासारखा प्रचंड खांब तळात ठोकून त्यावर यंत्र बसवितात. पाणी खोल असल्यास तरंगता पाया साखळदंडांनी तळाशी नांगरून ठेवतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्याबाहेर २०१७ साली पाच यंत्रांचे असे क्षेत्र सुरू झाले. तयार झालेली वीज समुद्रतळातून टाकलेल्या केबलने किनाऱ्यावर येते. खाऱ्या हवेने धातू गंजतो, दुरुस्तीसाठी बोटीने जावे लागते, वादळात तेही शक्य होत नाही. म्हणून समुद्रावरील वीज जमिनीवरील पवनचक्कीच्या विजेपेक्षा महाग पडत आली आहे. वारा फुकट असला, तरी त्याला पकडण्याचे साधन फुकट नसते, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.

एका शिक्षकाचा वारसा

डेन्मार्कमध्ये हा उद्योग का वाढला, याचे एक कारण शिक्षकवर्गास विशेष अभिमानास्पद वाटावे असे आहे. पौल ला कूर हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आस्कोव्ह या खेड्यातील लोकविद्यालयात शिकवीत असत. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींना व्यवहारोपयोगी ज्ञान देण्यासाठी हे विद्यालय होते. शहरांना वीज मिळेल आणि खेडी मागे राहतील, ही चिंता ला कूर यांना होती. त्यांनी १८९१ साली विद्यालयाच्या आवारात वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. वारा पडल्यावर काय करावयाचे, या प्रश्नावर त्यांनी असा मार्ग काढला की, विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन व ऑक्सिजन साठवावे आणि त्यांवर विद्यालयातील दिवे लावावेत.

यापेक्षाही महत्त्वाचे असे की, ला कूर यांनी १९०४ पासून खेड्यांतील तरुणांसाठी विजेच्या कामाचे वर्ग चालविले. त्या वर्गातील योहानेस यूल या विद्यार्थ्याने पुढे १९५७ साली गेडसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॅटची पवनचक्की उभारली. आजच्या पवनचक्क्यांची ठेवण पुष्कळ अंशी तिच्यावरून आली आहे. एका ग्रामीण शाळेत पेरलेले बी त्रेपन्न वर्षांनी असे फळास आले. डॅनिश लोकांना पवनचक्की परकी वाटली नाही, यास अशी शाळा हे एक मोठे कारण होय.

पाठिंबा मिळतो कसा आणि हरवतो कसा

पाठिंब्याचे महत्त्व दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. कोपनहेगन शहराच्या समोर, समुद्रातील मिडलग्रुंडेन या उथळ जागी २००० साली २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी निम्म्या वीज कंपनीच्या आणि निम्म्या एका सहकारी संस्थेच्या होत्या. त्या संस्थेचे साडेआठ हजारांहून अधिक सभासद होते व ते बहुतेक सामान्य नागरिक होते. मूळ योजनेत २७ यंत्रे तीन रांगांत उभी राहावयाची होती. परंतु लोकांच्या हरकती ऐकल्यावर ती बदलून २० यंत्रांची एकच किंचित वळणदार रांग ठरविण्यात आली. आवाजाचा त्रास होईल, अशी भीती काहींना होती; तेव्हा त्यांना एका चालू पवनचक्कीजवळ नेऊन तिचा आवाज प्रत्यक्ष ऐकविण्यात आला. शंका घेणाऱ्यास अडाणी न म्हणता त्याला घेऊन जाऊन दाखविणे, हीच तेथील खरी युक्ती होती.

याउलट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याबाहेर २००१ साली १३० पवनचक्क्यांची एक योजना मांडण्यात आली. तिचे नाव केप विंड असे होते. किनाऱ्यावरील धनिक घरमालकांना समुद्राचे दृश्य बिघडेल असे वाटले, मासेमारांना आपले क्षेत्र जाईल असे वाटले आणि तेथील मूळ रहिवासी जमातींना ती जागा पवित्र वाटत होती. योजनेस सरकारी मंजुरी मिळाली, तरी वाद व खटले संपले नाहीत. शेवटी २०१७ साली, एकही यंत्र उभे न राहता, ती योजना सोडून देण्यात आली. सोळा वर्षांचे श्रम समुद्रात गेले. या योजनेचे विरोधक सर्वच चुकीचे होते, असे म्हणता येणार नाही. आणि पुरस्कर्त्यांचे शास्त्र खोटे होते, असेही नाही. परंतु विश्वासाचा पाया प्रारंभीच घातला गेला नाही, तर पुढे तो घालणे अतिशय कठीण जाते, एवढे यावरून दिसते.

धावण्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा

आता धावण्याचा विचार करू. पायी चालून लोकांस जागे करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पंढरीची वारी शतकानुशतके चालत आली आहे. महात्मा गांधी १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघाले आणि सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीस पोहोचले. विनोबा भावे यांनी १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे पदयात्रा केली. या यात्रांत वेगाला महत्त्व नव्हते. रोजचा मुक्काम, मुक्कामाच्या गावी होणारी भेट आणि यात्रेची बातमी पुढल्या गावी आधीच पोहोचणे, यांत त्यांचे सामर्थ्य होते.

धावण्याच्या बाबतीत याचे ठळक उदाहरण कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचे आहे. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय कापावा लागला होता. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमविण्याकरिता १२ एप्रिल १९८० रोजी त्याने देशाच्या पूर्व टोकापासून कृत्रिम पायाने धावण्यास आरंभ केला. पहिले काही दिवस फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे पोर्ट ओ बास्क हे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव लागले. त्या गावाने त्याच्या हाती दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम ठेवली. माणशी एक डॉलर जमू शकतो, हा विश्वास येथून बळावला. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर कापले. पुढे रोग फुफ्फुसांत पसरल्यामुळे १ सप्टेंबर १९८० रोजी त्यास थांबावे लागले आणि २८ जून १९८१ रोजी त्याचे निधन झाले. तत्पूर्वीच जमलेला निधी देशातील माणशी एक डॉलर या प्रमाणास पोहोचला होता. त्याने देश पार केला नाही. परंतु ज्यासाठी तो निघाला होता ते कार्य लोकांनी उचलले.

आपल्याकडेही २०१२ साली मिलिंद सोमण यांनी दिल्ली ते मुंबई हे सुमारे १,५०० किलोमीटरचे अंतर ३० दिवसांत धावून पार केले. ही धाव ‘ग्रीनेथॉन’ या पर्यावरणविषयक मोहिमेशी निगडित होती. वीज न पोहोचलेल्या खेड्यांसाठी सौरदिव्यांचा निधी त्या मोहिमेतून जमविला जात असे. ऊर्जेचा प्रश्न आणि धाव यांची सांगड अशा रीतीने आपल्या देशातही घातली गेली आहे.

येथे एक छोटा हिशेब करून पाहावा. माणूस धावतो तेव्हा त्याच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६० किलो वजनाचा धावपटू मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर धावला, तर सुमारे २,५०० किलोकॅलरी खर्च होतील. ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचे एक युनिट. म्हणजे ही सर्व मेहनत तीन युनिटेही भरत नाही. १५ मेगॅवॅटचे सागरी यंत्र पूर्ण क्षमतेने चालू असता एवढी वीज एका सेकंदाच्या आत निर्माण करते.

या हिशेबावरून धावण्याची मर्यादा कळते. धावण्याने दिवा लागत नाही. धावण्याने लक्ष वेधले जाते आणि विश्वास उत्पन्न होतो. कारण जो मनुष्य एखाद्या गोष्टीसाठी स्वतःचे अंग झिजवितो, त्याचे बोलणे ऐकून घ्यावे असे लोकांस वाटते. मात्र ऐकून घेण्यास लोक जमले असता सांगावयास खरी माहिती हवी. ती नसेल, तर टाळ्या होतात, हारतुरे होतात आणि दुसऱ्या दिवशी सर्व विसरले जाते. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूचा नियम येथेही लागू पडतो. शरीरातील साखरेचा साठा साधारण ३० किलोमीटरनंतर संपत येतो. जो प्रारंभी जोराने धावतो तो तेथे कोसळतो. जो आपली गती राखून मध्ये मध्ये अन्नपाणी घेतो तो शेवटास जातो. लोकमताचे कार्यही अशाच संथ गतीने करावे लागते.

आपल्या देशातील स्थिती

भारतात किनारपट्टीवर पवनचक्क्या बसविण्याचे आरंभीचे प्रयोग १९८६ साली महाराष्ट्र, गुजरात व तामिळनाडू या राज्यांत झाले. पुढे सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर मोठे पवनक्षेत्र उभे राहिले. ही सर्व यंत्रे जमिनीवरील होत. समुद्रातील पवनशक्तीविषयी केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २०१७ साली खंभातच्या आखातात वारा मोजण्याचे यंत्र बसविण्यात आले. २०२४ साली गुजरात व तामिळनाडू यांच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगॅवॅट क्षमतेच्या प्रकल्पांसाठी व तत्संबंधी बंदरांच्या सुधारणेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची साहाय्य योजना मंजूर झाली. त्या वर्षापर्यंत भारताच्या समुद्रात एकही पवनक्षेत्र उभे राहिले नव्हते. आपल्याकडे पावसाळ्यात ढगांमुळे सूर्यप्रकाश कमी मिळतो, परंतु नैर्ऋत्य मोसमी वारे याच महिन्यांत जोराचे असतात. म्हणून वारा व सूर्य हे परस्परांस पूरक ठरतात.

कोळी बांधवांचे प्रश्न मात्र येथे प्रथम विचारात घेतले पाहिजेत. जाळी कोठे टाकता येतील? केबलमध्ये जाळे अडकल्यास भरपाई कोण देणार? खांब ठोकताना होणाऱ्या आवाजाने मासे दूर जातील काय? यांपैकी शेवटच्या प्रश्नावर युरोपात हवेच्या बुडबुड्यांचा पडदा खांबाभोवती सोडून आवाज कमी करण्याचा उपाय योजतात. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे करारात, कायद्यात आणि प्रामाणिक चर्चेत शोधावी लागतात. किनाऱ्यावरील शाळेत बसलेल्या मुलाचा बाप त्याच समुद्रावर पोट भरतो, याचा विसर पडता कामा नये.

वर्गात काय करता येईल

१. विज्ञान : कागदाचे भिरभिरे करून ते शाळेच्या भिंतीआड, मैदानात आणि उंचवट्यावर धरावे. एका मिनिटात ते किती फेरे घेते, हे मोजून तक्ता करावा. पात्यांपैकी एकावर रंगाची खूण केल्यास मोजणे सोपे जाते.

२. गणित : वाऱ्याचा वेग दुप्पट व तिप्पट झाल्यास शक्ती किती पट होईल, हे वरच्या वर्गातील मुलांकडून काढून घ्यावे. टेरी फॉक्सने दररोज सरासरी किती किलोमीटर अंतर कापले, हेही भागाकाराने काढावे. उत्तर ३७ हून अधिक येते.

३. भूगोल : नकाशात खंभातचे आखात, तामिळनाडूचा दक्षिण किनारा, वनकुसवडे आणि डेन्मार्क ही स्थळे दाखवावीत.

४. नागरिकशास्त्र : वर्गाची ग्रामसभा भरवावी. काही मुले मासेमार, काही वीज मंडळाचे अधिकारी, काही शेतकरी व काही पक्षिमित्र होतील. प्रत्येकाने आपली बाजू मांडावी. परंतु बोलण्यापूर्वी आधीच्या वक्त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे. निर्णय कोणताही झाला तरी चालेल.

५. शारीरिक शिक्षण : शाळेतर्फे धाव काढावयाची असल्यास ती अल्प अंतराची, सकाळच्या वेळची व ऐच्छिक असावी. वाटेत पाण्याची सोय करावी. आजारी किंवा उपाशी मुलास धावू देऊ नये. मॅरेथॉनचे अंतर लहान मुलांसाठी नव्हे. मुलांवर निधी जमविण्याचा बोजा टाकू नये. त्याऐवजी प्रत्येक थांब्यावर एका विद्यार्थ्याने वाऱ्याविषयी एक खरी गोष्ट ग्रामस्थांस सांगावी.

शिक्षकांनी या विषयात कोणाचे प्रचारक होण्याचे कारण नाही. सागरी पवनचक्की हवी की नको, हे त्या त्या किनाऱ्यावरील लोक आणि त्यांचे प्रतिनिधी ठरवतील. परंतु ते ठरविताना वारा, वीज, मासे आणि पैसा यांविषयी खरी माहिती त्यांच्याजवळ असावी, हे पाहणे शिक्षणाचे काम आहे. आज भिरभिऱ्याचे फेरे मोजणारी मुले दहा-बारा वर्षांनी ग्रामसभेत मतदार म्हणून बसतील. त्या वेळी त्यांनी योग्य प्रश्न विचारले, तर वर्गातील हा पाठ सार्थकी लागला असे समजावे.